माल्टसाठी सातूचे सुधारित वाण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे मुख्यतः राजस्थान, हरियाणा, पंजाब आणि पश्चिम उत्तर प्रदेश या पट्ट्यातील सातूविषयी आहेत, कारण भारतातील माल्टचा सातू प्रामुख्याने तेथेच पिकतो. पैदाशीचा इतिहास सांगताना इंग्लंड, आयर्लंड आणि जुना चेकोस्लोव्हाकिया यांचा उल्लेख येतो, कारण आज वापरात असलेल्या कित्येक गुणांचा उगम तिकडे आहे. शेतकरी, कृषी शाखेचे विद्यार्थी आणि सहज कुतूहल असलेले वाचक या तिघांकडून आलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत.

सातू, जव आणि जवस ही एकाच पिकाची नावे आहेत का?

सातू आणि जव ही एकाच तृणधान्याची नावे आहेत आणि संस्कृतातला यव तो हाच. जवस म्हणजे अळशी, ते तेलबियांचे पीक आहे आणि त्याचा सातूशी काही संबंध नाही. आणखी एक गोंधळ घरातल्या सातूच्या पिठामुळे होतो. महाराष्ट्रात पुष्कळ घरांत हे पीठ भाजलेले गहू आणि डाळं यांचे करतात, त्यात सातूचा एक दाणाही नसतो. या लेखात सातू म्हणजे शेतात उभा राहणारा, लांब कुसळांचा जव.

माल्ट म्हणजे काय? त्यासाठी वेगळे वाण कशाला हवेत?

नाचणीचे सत्त्व करताना आपण नाचणी भिजवतो, फडक्यात बांधून मोड आणतो, वाळवतो आणि मग दळतो. सातूचे माल्ट म्हणजे मुळात हेच काम, फक्त तापमान, ओलावा आणि वेळ यांवर काटेकोर ताबा ठेवून टनांच्या हिशेबात केलेले. दाण्यातील ओलावा सुमारे ४२ ते ४६ टक्के होईपर्यंत तो भिजवतात, मधूनमधून पाणी काढून हवा देतात, मग चार-पाच दिवस १५ ते १८ अंश सेल्सिअसच्या आसपास मोड येऊ देतात आणि शेवटी भट्टीत गरम हवेने सुकवतात. फिक्या माल्टसाठी हे तापमान अखेरीस ८० अंशांच्या थोडे वर नेतात.

या चार-पाच दिवसांत दाण्याच्या आत जे घडते, त्यावर सगळा व्यवहार उभा आहे. दाण्याला पाणी मिळाले की भ्रूण जिबरेलिन हे संप्रेरक सोडतो. ते पिठूळ भागाभोवतीच्या पातळ जिवंत थरापर्यंत पोचते आणि तो थर विकरे तयार करू लागतो. ही विकरे आधी पेशींच्या भिंतींतील बीटा-ग्लुकन तोडतात, मग पिष्टकणांभोवतीचे प्रथिनांचे जाळे सैल करतात. पिष्ट मात्र बहुतांशी शाबूत ठेवायचे असते, कारण त्याची साखर पुढे बिअर किंवा व्हिस्की करताना गरम पाण्यात करायची असते. कच्चा सातू आणि माल्ट केलेला सातू शेजारी ठेवून दोन्हींचा एकेक दाणा चावून पाहावा. कच्चा दाणा दाताखाली टणक लागतो, तर माल्टचा दाणा खडूसारखा भुगा होतो आणि किंचित गोड लागतो. प्रयोगशाळेतील महागडे यंत्र दाण्याचा जो ठिसूळपणा मोजते, तो हाच.

जनावरांच्या खाद्यासाठी लावलेल्या वाणातही मोड येतात, पण ते एकसारखे येत नाहीत. काही दाणे दुसऱ्या दिवशीच कोंब काढतात, काही चौथ्या दिवशीही टणक राहतात, भिंती अर्धवट तुटतात आणि पुढे गाळणीत चिकट द्रव अडून बसतो. माल्टसाठीच्या वाणात सगळे दाणे एकाच चालीने चालावे लागतात. हा गुण अनुवंशिक आहे आणि म्हणूनच त्यासाठी पैदास करावी लागते.

दोन-रांगी आणि सहा-रांगी सातूत फरक काय?

सातूच्या ओंबीवर प्रत्येक पेरावर तीन कणिशके असतात. दोन-रांगी प्रकारात फक्त मधले कणिशक दाणा धरते, बाजूची दोन वांझ राहतात. सहा-रांगी प्रकारात तिन्ही दाणा धरतात. हा फरक मुख्यतः एका जनुकातील बदलामुळे पडतो आणि तो जनुक २००७ साली वेगळा करून ओळखण्यात आला. बाजूच्या दाण्यांना जागा कमी मिळते, त्यामुळे ते जरा वळलेले आणि बारीक होतात. दोन-रांगीत सगळे दाणे मधलेच असल्याने ते टपोरे आणि एकसारखे मिळतात, म्हणून माल्टवाल्यांचा कल तिकडे असतो.

तरीही सहा-रांगीला हलके लेखणे बरोबर नाही. त्यात विकरांची शक्ती बहुधा जास्त असते, आणि भारतात दीर्घकाळ माल्ट होत आले ते सहा-रांगी सातूचेच. गोव्यात तयार होणाऱ्या सिंगल माल्ट व्हिस्कीतही उत्तर भारतातील सहा-रांगी सातू वापरला जातो.

दाण्यात प्रथिने जास्त असणे चांगले नाही का?

खाण्याच्या दृष्टीने चांगले, माल्टच्या दृष्टीने नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि पैदासकाराची खरी डोकेदुखीही इथेच आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

दाण्याचे वजन म्हणजे मुख्यतः पिष्ट आणि प्रथिने. प्रथिनांनी जागा घेतली की पिष्टाला कमी उरते आणि माल्टपासून मिळणारा अर्क, म्हणजे गरम पाण्यात विरघळून येणारा भाग, घटतो. ढोबळ हिशेबाने प्रथिने एका टक्क्याने वाढली तर अर्क पाऊण ते एक टक्क्याने कमी होतो. शिवाय जास्त प्रथिनांचा दाणा पाणी सावकाश पितो, आतून काचेसारखा घट्ट असतो आणि त्यापासून केलेले पेय गढूळ होण्याची शक्यता वाढते. प्रथिने फार कमी असूनही चालत नाही, कारण साखरेचे मद्य करणाऱ्या किण्व बुरशीला (यीस्टला) नत्र लागते, फेस टिकायला प्रथिने लागतात आणि विकरे तर स्वतःच प्रथिने आहेत. त्यामुळे कारखाने साधारण ९ ते ११ टक्क्यांच्या पट्ट्यात दाणा मागतात. कुठे ही वरची मर्यादा थोडी सैल असते.

आता शेतकऱ्याच्या बाजूने पाहू. उत्पादन वाढवायचे तर नत्र द्यावे लागते. दिलेल्या नत्राचा सुरुवातीचा भाग फुटवे आणि ओंब्यांची संख्या वाढवतो, पण गरजेपेक्षा जास्त किंवा उशिरा दिलेले नत्र दाण्यात प्रथिने होऊन बसते. त्यातच मार्चमध्ये ऊन एकदम चढले तर दाणे भरण्याचा काळ आखूड होतो. दाण्यात प्रथिने आधीपासून साठत आलेली असतात, तर पिष्ट शेवटपर्यंत भरत राहते आणि उष्णतेचा फटका त्यालाच जास्त बसतो. म्हणजे प्रथिने प्रत्यक्षात वाढलेली नसतानाही त्यांची टक्केवारी वाढते, कारण पिष्ट कमी पडलेले असते. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची पूर्ण ट्रॉली एका कारखान्याच्या फाटकावरून याच कारणाने परत गेली होती. दाणा दिसायला सोन्यासारखा होता, उगवण उत्तम होती, पण प्रथिने साडेबारा टक्क्यांच्या वर निघाली. त्याने शेजारच्या गव्हाबरोबर सातूलाही युरियाचा जास्तीचा हप्ता दिला होता. तो माल शेवटी खाद्याच्या भावाने गेला.

म्हणून पैदासकाराचे उद्दिष्ट केवळ कमी प्रथिने हे नसते. नत्र थोडे जास्त पडले, ऊन थोडे लवकर आले, तरी ज्याची प्रथिने फारशी हलत नाहीत असा स्थिर वाण त्याला हवा असतो. हे एका वर्षाच्या, एका ठिकाणच्या चाचणीत कळत नाही.

माल्टचा दर्जा नेमका कसा ठरवतात?

आधी दाणा पाहतात. २.५ मिलिमीटर फटींच्या चाळणीवर किती दाणे राहतात हे पहिले माप. चांगल्या दोन-रांगी मालाचे ९० टक्क्यांच्या आसपास दाणे वर राहायला हवेत. हजार दाण्यांचे वजन ४२-४५ ग्रॅमच्या पुढे, उगवण किमान ९५ टक्क्यांच्या वर आणि तूस पातळ पण घट्ट चिकटलेले, ही पुढची मापे. तूस महत्त्वाचे आहे, कारण मोड येताना कोंब त्याच्या आत सुरक्षित वाढतो आणि नंतर तेच तूस गाळणीतील थर बनते.

त्यानंतर माल्टची परीक्षा होते. गरम पाण्यातील अर्क ८० टक्क्यांच्या पुढे जातो का, पिष्टाची साखर करणाऱ्या विकरांची एकत्रित शक्ती किती, द्रावणात उतरलेल्या प्रथिनांचे प्रमाण किती, बीटा-ग्लुकन किती उरले आणि द्रव किती चिकट आहे, हे सगळे तपासले जाते. उष्ण प्रदेशात पिकलेल्या दाण्यात बीटा-ग्लुकन जास्त राहण्याची प्रवृत्ती असते, म्हणून भारतीय वाणांत या एका गुणावर विशेष काम करावे लागले. गंमत अशी की माणसाच्या हृदयासाठी हेच बीटा-ग्लुकन हितकारक मानले जाते, त्यामुळे खाण्याच्या सातूच्या पैदाशीत ते वाढवण्याचा प्रयत्न चालू असतो. एकाच संस्थेत दोन शेजारच्या टेबलांवर एक जण ते वाढवत असतो आणि दुसरा कमी करत असतो.

संकर प्रत्यक्ष कसा करतात?

सातू स्वपरागी आहे. त्याचे परागसिंचन बऱ्याचदा ओंबी पानाच्या पोग्यातून पूर्ण बाहेर येण्याआधीच उरकते, म्हणून पैदासकाराला त्याच्या आधी गाठावे लागते. शेवटच्या पानाच्या देठातून कुसळांची टोके बोटभरही बाहेर आली नसतील, तेव्हा पोगा हलक्या हाताने चिरून ओंबी मोकळी करतात. दोन-रांगी ओंबी असेल तर बाजूची वांझ कणिशके खुडून टाकतात, वरची आणि खालची कच्ची फुले काढतात आणि मधली पंधरा-वीस फुले ठेवतात. प्रत्येक फुलाचे टोक कात्रीने छाटले की आत तीन परागकोश दिसतात. ते हिरवे असायला हवेत. पिवळसर झाले असतील तर ती ओंबी सोडून द्यायची, कारण पराग सुटण्याची वेळ आलेली असते. बारीक चिमट्याने तिन्ही कोश एकेक करून काढायचे, पिसासारख्या कुक्षीला धक्का लागू द्यायचा नाही आणि ओंबीवर बटर पेपरची पिशवी चढवून त्यावर तारीख लिहायची.

दोन-तीन दिवसांनी कुक्षी फुलून पसरते. तेव्हा दुसऱ्या वाणाची पिकायला आलेली ओंबी आणून तिचे पराग पिशवीच्या वरच्या तोंडातून आत झटकतात. जानेवारी-फेब्रुवारीच्या थंडीत सकाळी बोटे बधिर झालेली असताना हे काम करणारे मजूर आणि तंत्रसहायक यांच्या हातातच कोणत्याही वाणाचा जन्म होतो, पण त्यांची नावे कुठल्याही कागदावर येत नाहीत, याचे मला नेहमी वाईट वाटते. एका ओंबीतून आठ-दहा दाणे मिळाले तरी दिवस सत्कारणी लागला असे मानतात.

एक वाण तयार व्हायला किती वर्षे लागतात?

संकरापासून शेतकऱ्याच्या हाती बियाणे पडेपर्यंत दहा ते बारा वर्षे धरावीत. पहिल्या पिढीत सगळी झाडे सारखी दिसतात. दुसऱ्या पिढीत गुणांची फाटाफूट होते आणि तेथून निवड सुरू होते. पाचव्या-सहाव्या पिढीपर्यंत ओळी, म्हणजे निवडलेल्या एकेका झाडाची संतती, बऱ्यापैकी स्थिर होतात, मग उत्पादनाच्या चाचण्या लागतात.

अडचण ही की सुरुवातीच्या पिढ्यांत प्रत्येक झाडाचे मूठभर दाणे हाती असतात आणि ते पेरायचेही असतात, तर माल्ट करून पाहायला कसे मिळणार? यावर काही तोडगे आहेत. जवळच्या अवरक्त प्रकाशाने दाणा न फोडता प्रथिने मोजता येतात. पन्नास-शंभर ग्रॅम नमुन्याचे माल्ट करणारी छोटी यंत्रे आहेत. आणखी साधी युक्ती म्हणजे दाणा आडवा कापणे. भ्रूण नसलेल्या अर्ध्या भागात विकरे आणि प्रथिने तपासायची, भ्रूण असलेला अर्धा भाग कुंडीत लावायचा. आवडला तर झाड आपल्याकडे आहेच.

काळ वाचवण्यासाठी कर्नाल (हरियाणा) येथील भारतीय गहू व जव संशोधन संस्थेचे लाहौल खोऱ्यातील दलंग मैदान येथील केंद्र उपयोगी पडते. मैदानी प्रदेशात एप्रिलमध्ये कापणी झाली की तेच बियाणे हिमाचलाच्या थंडीत उन्हाळी हंगामात पेरता येते आणि वर्षात दोन पिढ्या मिळतात. नियंत्रित खोल्यांत रोज २२ तास प्रकाश देऊन वर्षाला सहापर्यंत पिढ्या घेण्याचे तंत्रही आता प्रचलित आहे. तिसरा मार्ग द्विगुणित एकगुणितांचा, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेले रोप मिळवून तो संच दुप्पट करण्याचा. १९७० साली काशा आणि काओ यांनी सातूचा संकर त्याच्या रानटी नातेवाइकाशी केला, तेव्हा भ्रूणातून त्या रानटी जातीची गुणसूत्रे आपोआप नाहीशी होतात असे दिसले. उरलेली सात गुणसूत्रे औषधाने दुप्पट केली की एका झटक्यात पूर्ण स्थिर ओळ हाती येते. आज हे काम बहुधा परागकोशांच्या संवर्धनातून करतात.

शेतकऱ्याला वाणात काय हवे असते?

पहिली गोष्ट म्हणजे पीक उभे राहिले पाहिजे. सातूचा दांडा गव्हापेक्षा नाजूक असतो. शेवटच्या पाण्यानंतर वारा सुटला की पीक लोळते, दाणे बारीक राहतात आणि जमिनीला टेकलेल्या ओंब्यांत बुरशी धरते. १९६५ साली चेकोस्लोव्हाकियात किरणोत्सर्गाने उत्परिवर्तन घडवून मिळवलेला ‘डायमंट’ हा वाण प्रसारित झाला, तो मूळ वाणापेक्षा सुमारे १५ सेंटिमीटर बुटका होता. त्याचे बुटकेपण देणारे जनुक पुढे युरोपातील असंख्य माल्ट वाणांत गेले. स्कॉटलंडमधील व्हिस्कीवाल्यांचा लाडका ‘गोल्डन प्रॉमिस’ हाही गॅमा किरणांनी मिळवलेला बुटका वाण, पण त्याचे जनुक वेगळे.

दुसरी गोष्ट रोग. उत्तर-पश्चिम भारतात पिवळा तांबेरा हा मुख्य शत्रू आहे आणि थंड, दमट जानेवारीत तो पानांवर पिवळ्या रेघांनी उमटतो. पूर्वेकडे पानांवरील करपा जास्त त्रास देतो. मावा सगळीकडे येतो. राजस्थान-हरियाणाच्या हलक्या जमिनींत मुळांवर पुटी (सिस्ट) करणाऱ्या सूत्रकृमीचा ‘मोल्या’ रोग असतो, त्यासाठी ‘राज किरण’, ‘आरडी २०३५’, ‘आरडी २०५२’ असे प्रतिकारक वाण निघाले. रोगप्रतिकारासाठी जगभर सर्वांत टिकाऊ ठरलेले उदाहरण भुरीविरुद्धच्या ‘एमएलओ’ जनुकाचे आहे. त्याचा एक प्रकार १९३० च्या दशकात इथिओपियातून गोळा केलेल्या स्थानिक सातूत सापडला आणि युरोपातील वसंतकालीन वाणांचे तो कित्येक दशके रक्षण करीत आला आहे. ज्या शेतकऱ्यांनी ते स्थानिक वाण पिढ्यान्‌पिढ्या जपले, त्यांच्यामुळेच हे शक्य झाले.

तिसरी गोष्ट क्षार आणि पाणी. तृणधान्यांत सातू क्षार सर्वांत चांगला सोसतो आणि गव्हापेक्षा कमी पाण्यात येतो. जिथे विहिरीचे पाणी मचूळ आहे, तिथे शेतकरी सातूकडे वळतो ते याच कारणाने.

सुप्तावस्थेचा एवढा विचार का करतात?

कापणीनंतर काही आठवडे दाणा ओलावा मिळूनही उगवत नाही, ही सुप्तावस्था. ती अजिबात नसेल तर कापणीच्या वेळी अवकाळी पाऊस आला की ओंबीवरच मोड फुटतात आणि माल वाया जातो. ती फार दिवस राहिली तर कारखान्याला माल महिनोन्‌महिने गोदामात ठेवावा लागतो. ओल्या कापणीच्या देशांत थोडी जास्त सुप्तावस्था परवडते. भारतात कापणी मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत होते, त्यामुळे आपल्याकडे ती थोडकीच पुरते.

भारतात माल्टसाठी कोणते वाण आहेत?

सातूच्या देशव्यापी समन्वित संशोधनाची सुरुवात १९६० च्या दशकात झाली, पण तेव्हा भर धान्य आणि खाद्य यांवर होता. माल्टसाठी ऑस्ट्रेलियाचा ‘क्लिपर’ हा दोन-रांगी वाण आणून पाहिला गेला. पुढे ‘अल्फा ९३’, ‘के ५५१’ आणि जयपूरजवळील दुर्गापुरा केंद्राचा ‘आरडी २६६८’ असे वाण आले. खरे वळण ‘डीडब्ल्यूआरयूबी ५२’ या २००७ साली प्रसारित झालेल्या दोन-रांगी वाणाने दिले असे माझे मत आहे, कारण तोपर्यंत दोन-रांगी म्हणजे उत्पादनात मागे, हा शेतकऱ्यांचा समज रास्तच होता. त्यानंतर कर्नाल येथून ‘डीडब्ल्यूआरबी ९२’, ‘डीडब्ल्यूआरबी १०१’, ‘डीडब्ल्यूआरबी १२३’, ‘डीडब्ल्यूआरबी १६०’ आणि ‘डीडब्ल्यूआरबी १८२’ असे वाण एकामागून एक आले. ‘डीडब्ल्यूआरयूबी ६४’ हा माल्टसाठीचा सहा-रांगी वाण आहे. नावांतील आकडे म्हणजे त्या ओळीला चाचणीत मिळालेला क्रमांक. तो क्रमांकच पुढे नाव म्हणून रूढ होतो.

परदेशातील उत्तम वाण सरळ आणून का लावत नाहीत?

युरोपातील वसंतकालीन सातू वाढतो तो मोठ्या दिवसांच्या, थंड उन्हाळ्यात. त्यातील बहुतेक वाणांत असे जनुक आहे की मोठा दिवस असूनही झाड फुलण्याची घाई करत नाही, कारण तिथे दाणे भरायला ऑगस्टपर्यंत वेळ असतो. आपल्याकडे नोव्हेंबरात पेरलेले पीक मार्चअखेर उरकावे लागते. तो युरोपीय वाण इथे लावला तर ओंबी उशिरा येते आणि दाणा चिकाच्या अवस्थेत असतानाच ऊन गाठते. माल्टचे गुण त्यांच्याकडून आणि लवकर पक्व होण्याचे गुण आपल्या वाणांतून घेऊन संकर करावा लागतो.

वाण आणि हवामान यांची जोडी जुळली की ती किती काळ टिकते, याचे उदाहरण ‘मॅरिस ऑटर’ आहे. केंब्रिज येथील वनस्पती पैदास संस्थेत जी. डी. एच. बेल यांच्या चमूने ‘प्रॉक्टर’ आणि ‘पायोनिअर’ यांच्या संकरातून तो काढला आणि १९६० च्या दशकाच्या मध्यात तो आला. ‘मॅरिस’ हे नाव संस्थेजवळच्या गल्लीचे. उत्पादनात नवे वाण त्याच्या कितीतरी पुढे गेले, शिफारस यादीतूनही तो वगळला गेला, पण काही मद्यनिर्माते जादा भाव देऊन तोच मागत राहिल्याने आजही तो शेतात आहे.

नवा वाण जुन्यापेक्षा सरस आहे हे सिद्ध कसे होते?

स्वतःच्या केंद्रावर चांगली ठरलेली ओळ समन्वित चाचणीत जाते. तिथे पहिले वर्ष प्राथमिक चाचणीचे आणि पुढची दोन वर्षे प्रगत चाचणीची असतात. विभागातील अनेक केंद्रांवर ती प्रचलित वाणांशेजारी लावली जाते, दाण्यांचे नमुने माल्टच्या परीक्षेला जातात आणि तांबेऱ्याची कृत्रिम लागण करून प्रतिकार पाहिला जातो. तिन्ही कसोट्यांना उतरली तर तिची निवड होते आणि पुढे बियाणे कायदा १९६६ खाली अधिसूचना निघते.

या तुलनेमागे एक सुंदर इतिहास आहे. डब्लिनच्या गिनेस मद्यशाळेत १८९९ पासून काम करणारे विल्यम गॉसेट सातूच्या आणि माल्टच्या थोड्याच नमुन्यांवरून निष्कर्ष काढण्याच्या अडचणीत होते. चार वाफ्यांत एक वाण पुढे दिसला तर तो खरेच चांगला की निव्वळ योगायोग? त्या विचारातून त्यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातून आजची टी-चाचणी आली. औषधांच्या चाचण्यांपासून शाळांच्या निकालांपर्यंत सर्वत्र वापरले जाणारे हे साधन सातूच्या पिकाशी निगडित कामातून जन्मले आहे, हे संख्याशास्त्र शिकवणाऱ्यांनी आवर्जून सांगावे.

हे वाण जनुकबदल केलेले आहेत का?

नाहीत. वर उल्लेख केलेले वाण संकर, निवड किंवा उत्परिवर्तन यांतून आलेले आहेत. डीएनए चिन्हकांचा वापर होतो, पण तो फक्त हवा तो गुण कोणत्या रोपट्यात आहे हे ओळखण्यापुरता.

महाराष्ट्रात माल्टचा सातू घेता येईल का?

प्रायोगिक वाफ्यात येईल, व्यापारी शेतीत मी सुचवणार नाही. आपली थंडी आखूड आहे आणि फेब्रुवारीतच दुपारचे ऊन तापू लागते. दाणा बारीक आणि प्रथिनांनी भरलेला निघण्याचा धोका मोठा, शिवाय जवळपास माल्टचा खरेदीदार नाही. छत्रपती संभाजीनगर परिसरात बिअरचे मोठे कारखाने आहेत, पण ते तयार माल्ट घेतात, कच्चा सातू नव्हे. चाऱ्यासाठी सातूचा विचार जरूर करावा, पण त्यासाठीचे वाण वेगळे असतात.

गव्हाऐवजी सातू लावणे परवडते का?

केंद्र सरकारने २०२५-२६ च्या रब्बी विपणन हंगामासाठी सातूची हमी किंमत क्विंटलला १,९८० रुपये आणि गव्हाची २,४२५ रुपये ठरवली. गहू सरकार प्रत्यक्ष मोठ्या प्रमाणावर विकत घेते, सातू जवळजवळ घेत नाही. म्हणून शेतकऱ्याचे गणित कारखान्याच्या करारावर आणि दर्जासाठी मिळणाऱ्या जादा भावावर टिकून असते. खत आणि पाणी कमी लागते ही जमेची बाजू खरी, पण माल नाकारला गेला तर ती एका दिवसात पुसली जाते. करारात प्रथिनांची मर्यादा, नमुना घेण्याची रीत आणि मर्यादेबाहेरच्या मालाचा भाव, हे तिन्ही पेरणीआधीच लिहून घ्यावेत. पैदासकारांनी कितीही उत्तम माल्ट देणारा वाण काढला, तरी या कागदावर शेतकऱ्याला न्याय मिळाला नाही तर तो वाण पुढच्या वर्षी पेरला जाणार नाही. हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

घरचे बियाणे पुन्हा वापरता येते का?

येते. सातू स्वपरागी असल्याने गुण बदलत नाहीत, आणि वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१ नुसार स्वतःच्या शेतातील बियाणे ठेवण्याचा व पेरण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे. भीती असते ती भेसळीची. मळणी यंत्रात आधीच्या मालाचे दाणे उरलेले असतात, एक-दोन हंगामांत दोन वाण मिसळतात आणि दोन वाण दोन चालींनी पाणी पितात. म्हणून तीन वर्षांनी तरी प्रमाणित बियाणे आणावे, आणि ओंब्या आल्यावर शेतातून फिरून वेगळी दिसणारी झाडे मुळासकट उपटावीत. मळणीचा वेगही बेताचा ठेवावा, कारण तूस सोललेला किंवा तुटलेला दाणा माल्टच्या कामाचा राहत नाही.

माल नेण्याआधी उगवण घरी तपासता येईल का?

येईल, आणि जरूर तपासावी. ढिगाच्या वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ दाणे घेऊन एकत्र करावेत आणि त्यातून न निवडता शंभर दाणे मोजावेत. ताटलीत टीपकागदाचे दोन थर ठेवून ते ओले करावेत, पण पाणी साचू देऊ नये, कारण सातूचा दाणा जादा पाण्यात गुदमरतो. दाणे एकमेकांना न टेकता मांडून वर झाकण ठेवावे आणि ताटली घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवावी. रोज एकाच वेळी बुडाशी पांढरे मूळ फुटलेले दाणे मोजून बाजूला काढावेत. तिसऱ्या दिवसअखेर ९५ च्या पुढे आकडा गेला तर माल न्यायला हरकत नाही. कापणीला महिनाही झाला नसेल आणि आकडा कमी आला, तर ती सुप्तावस्था असू शकते. तीन-चार आठवड्यांनी त्याच ढिगाची पुन्हा तपासणी करावी, आणि तोवर पोती भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर ठेवावीत.